१६२ मतांचा हिशेब

'मुस्लिम एकगठ्ठा मतदान करतात' हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकावे लागते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुणी ठाम विधान केले की आधी आकडे बघायची सवय. मालेगाव मध्यचे आकडे पाहिले, तर हे विधान टिकत नाही.

यंत्रमागांच्या या शहराने समाजवादी निहाल अहमद यांना अनेकदा विधानसभेत पाठवले. १९९९ मध्ये याच शहराने त्यांना बाजूला सारून काँग्रेसच्या रशीद शेख यांना निवडले. २००९ मध्ये जनसुराज्य शक्तीचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल, २०१४ मध्ये काँग्रेसचे आसिफ शेख आणि २०१९ मध्ये पुन्हा मुफ्ती, पण एमआयएमकडून, अडतीस हजारांहून अधिक मतांनी.

आता २०२४ पाहा. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असले तरी लोकसभेला धुळे मतदारसंघात येते. २० मे रोजी मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना एक लाख नव्वद हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली. त्या अवघ्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, तोच मतदार विधानसभेसाठी दुभंगला. मुफ्तींना १,०९,६५३ मते, आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक १६२.

याला कुणी फूट म्हणेल. मला त्यात विवेक दिसतो. देशाचा प्रश्न होता तेव्हा लोक एकत्र आले. आमदार निवडताना दोन्ही बाजूंना आपलेच उमेदवार होते, तिथे ज्याने त्याने आपली पारख वापरली.

माझी तक्रार वेगळी आहे. आमदार बदलले, पक्ष बदलले, पण सुताचे दर, विजेचे बिल, गटारी आणि दवाखाने हे प्रश्न तेच राहिले. आपण उमेदवार बदलतो, कामाचा हिशेब मात्र पाच वर्षांत एकदाही मागत नाही.

नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, १६२ मते म्हणजे एखाद्या गल्लीतली मते. मतदार यादीत आपले नाव आहे का, ते आजच तपासा. नसेल तर नवीन नोंदणीसाठी फॉर्म ६ आणि पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरा. घरातल्या बहिणींची, आईची नावेही बघा. मग निवडून आलेल्याला, तो तुमच्या पसंतीचा असो वा नसो, लेखी प्रश्न विचारा. आपल्याला कुणी मतपेढी म्हणत असेल, तर पेढीचा खातेदार हिशेब मागतो, हेही त्याला कळू द्या.