सायकल दिली, आता रस्ता द्या

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. निर्णय स्वागतार्हच, पण मागून उसाचा ट्रॅक्टर आला, की याच मुलींना डांबर सोडून खडीत उतरावे लागते. दप्तराच्या ओझ्याने तिथे सायकल घसरते. पायी येणाऱ्या मुलांचेही तेच हाल. जिल्हा नियोजन समित्यांनी शाळेच्या वाटांवर भक्कम साइडपट्ट्या, फाट्यांवर गतिरोधक आणि गावाजवळ पदपथ यांसाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा. कामे ठरवताना शाळा व्यवस्थापन समितीला विचारावे. धोक्याची वळणे मुलांना तोंडपाठ असतात. अपघातानंतर मदत जाहीर करण्यापेक्षा हा खर्च आधीच करणे सरकारचे कर्तव्य आहे.