विश्लेषण : गुण आटले, प्रशिक्षकही गेला, न्यूकॅसल नाइट्सच्या चाहत्यांचा वाद तरी का मिटत नाही?

ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय रग्बी लीग अर्थात ‘एनआरएल’च्या २०२५ च्या हंगामात न्यूकॅसल नाइट्स हा संघ १७ संघांमध्ये तळाला राहिला. २४ सामन्यांत केवळ सहा विजय. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे संपूर्ण स्पर्धेत सर्वांत कमी गुण याच संघाने केले. सरासरी काढली तर सामन्यामागे १५ गुणही भरत नाहीत. हंगाम संपण्याआधीच मुख्य प्रशिक्षक अ‍ॅडम ओब्रायन यांच्याशी काडीमोड झाल्याचे जाहीर झाले. पण त्यामुळे चाहत्यांमधला वाद शमला नाही, उलट त्याला नवे फाटे फुटले. दोष प्रशिक्षकाचा होता, खेळाडूंचा होता, की ज्यांनी हा संघ बांधला त्या व्यवस्थापनाचा?

आक्रमण दुबळे म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे रग्बी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘रग्बी युनियन’ येते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला झालेली रग्बी प्रीमियर लीग हीदेखील त्याच घराण्यातली, प्रत्येकी सात खेळाडूंची. रग्बी लीग हा वेगळा खेळ. संघात १३ जण, सामना ८० मिनिटांचा. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ‘ट्राय’चे चार गुण, त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. बाजूला किंवा मागेच द्यायचा.

या खेळाचा गाभा मात्र सहा टॅकलच्या नियमात आहे. चेंडू असलेल्या संघाचा खेळाडू पकडला गेला की तो उठतो, चेंडू पायाने मागे ढकलतो आणि पुढचा डाव सुरू होतो. असे सहा वेळा पकडले गेले की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा किक मारली जाते. कबड्डी पाहणाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरी ‘करो वा मरो’ची होते, तसाच हा शेवटचा टॅकल. फरक एवढाच की इथे ती वेळ दर मिनिटाला येते.

प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्या संघाला १० मीटर मागे हटावे लागते. आक्रमक खेळाडू झटकन उठून चेंडू खेळात आणू शकला तर बचावाची भिंत नीट उभी राहत नाही आणि फट सापडते. तो जमिनीवर दोन क्षण जास्त दाबून ठेवला गेला तर भिंत तयार होते आणि पुढचा धावपटू तिच्यावर आदळतो. म्हणजे मागच्या फळीतल्या खेळाडूंची कलाकारी दिसण्याआधी पुढच्या फळीने मधल्या पट्ट्यात जागा कमवावी लागते. दूरचित्रवाणीवर ट्राय करणारा झळकतो. त्याआधीच्या तीन धडका कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

नाइट्सच्या चाहत्यांची तक्रार या दोन्ही टप्प्यांबद्दल आहे. एक पास आणि धडक, पुन्हा एक पास आणि धडक, आणि गोलरेषेजवळ आल्यावर चेंडू नुसताच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. पाचव्या टॅकलवरची किकही अशी की ती कुठे पडणार हे समोरच्या संघाला आधीच ठाऊक. चांगली किक प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलक्षेत्रात अडकवते आणि चेंडू पुन्हा आक्रमकाकडे, सहा नव्या टॅकलसह येतो. असे लागोपाठ दोनतीनदा घडले की थकलेला बचाव फुटतो. नाइट्सला हा दबाव फार थोड्या वेळा टिकवता आला. हंगामाची सुरुवात त्यांनी वेस्ट्स टायगर्सविरुद्ध १०-८ अशा विजयाने केली होती. गुणफलकच सांगत होता की बचाव तग धरतो आहे, पण गुण येणार कुठून?

प्रशिक्षकाच्या बाजूने काही बोलता येते का?

बरेच बोलता येते, आणि रागाच्या भरात ते बाजूला पडले. ओब्रायन २०२० मध्ये आले. त्याआधी त्यांनी मेलबर्न स्टॉर्म आणि सिडनी रूस्टर्स या शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या संघांत साहाय्यक म्हणून काम केले होते. त्यांच्या सहा हंगामांपैकी चार वेळा (२०२०, २०२१, २०२३, २०२४) नाइट्स बाद फेरीत पोहोचले. त्यापूर्वी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे हा संघ तळाला होता. २०१६ मध्ये तर संपूर्ण हंगामात एकच विजय मिळाला होता. त्या खड्ड्यातून बाहेर आलेल्या संघासाठी चार बाद फेऱ्या ही थट्टा नव्हे.

पण २०२३ चे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. त्या वर्षी कर्णधार केलिन पोंगा याला फुलबॅकऐवजी फाइव्ह-एट या जागी खेळवण्याचा प्रयोग झाला. तो फसला. पोंगा फुलबॅकला परतल्यावर नाइट्सने साखळीतील शेवटचे नऊ सामने सलग जिंकले, पाचवे स्थान मिळवले आणि पोंगा त्या वर्षीच्या ‘डॅली एम’ या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाचा मानकरी ठरला. प्रशिक्षकाचे समर्थक म्हणतात, पाहा, याच माणसाच्या हाताखाली हा संघ धो धो गुण करत होता. विरोधक म्हणतात, तो पोंगा होता, पद्धत नव्हती. २०२५ मध्ये तो दुखापतीने मैदानाबाहेर गेला आणि मागे काहीच उरले नाही.

या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य अधिक आहे असे वाटते. एका खेळाडूच्या प्रतिभेवर उभे असलेले आक्रमण हे आक्रमण नसते, तो आधार असतो. आणि सहा वर्षे एकाच प्रशिक्षकाला मिळाल्यानंतर त्या आधाराखाली दुसरा खांब का उभा राहिला नाही, हा प्रश्न प्रशिक्षकाला विचारावाच लागतो.

मग सारे खापर त्यांच्याच माथी का फोडू नये?

कारण खांब विकत घेणे हे एकट्या प्रशिक्षकाचे काम नव्हते. रग्बी लीगमध्ये फुलबॅक, फाइव्ह-एट, हाफबॅक आणि हूकर या चौघांना मिळून संघाचा ‘कणा’ म्हणतात. जवळजवळ प्रत्येक चेंडू त्यांच्या हातून जातो. त्यातही हाफबॅक म्हणजे सूत्रधार; कुठे खेळायचे, किक कधी आणि कुठे, हे तो ठरवतो. न्यूकॅसलमध्ये या जागेवर अँड्र्यू जॉन्स नावाची सावली पडलेली आहे. १९९७ आणि २००१ ही क्लबची दोन्ही विजेतेपदे त्याच्या काळातली. २००७ मध्ये तो निवृत्त झाला आणि तेव्हापासून क्लब त्या जागेसाठी माणूस शोधतो आहे. २०१८ ला आलेल्या मिचेल पिअर्सने काही काळ घडी बसवली. २०२१ अखेरीस तो फ्रान्सला गेला आणि पुढच्याच वर्षी नाइट्स चौदाव्या स्थानी घसरले. हा काही योगायोग नव्हे.

२०२५ मध्ये हाफबॅक आणि फाइव्ह-एटच्या जोड्या बदलत राहिल्या. ज्या दोघांनी एकमेकांच्या हालचाली डोळे मिटून ओळखायच्या, त्यांना एकत्र खेळायला चार आठवडेही सलग मिळणार नसतील तर सरावाच्या फळ्यावर कितीही सुंदर आकृत्या काढून उपयोग नाही. जोड्या बदलणे हा प्रशिक्षकाचा निर्णय, पण निवडीसाठी हातात होते तेच मुळात मर्यादित, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. चाहत्यांच्या भांडणात मात्र दोन्ही एकदम मान्य करायला कुणी तयार नसतो.

व्यवस्थापनाने शोधलेला उपाय डोळे दिपवणारा आहे. पॅरामॅटा ईल्सचा डिलन ब्राउन २०२६ पासून नाइट्सकडे येत आहे. करार तब्बल १० वर्षांचा, रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. त्यामुळे एकाला मोठा घास दिला की दुसऱ्याच्या ताटात कमी पडते, आणि पोंगाचे मानधनही मोठ्यांतलेच. शिवाय ब्राउन घडला तो प्रामुख्याने फाइव्ह-एट म्हणून. धावणारा, बचावात कणखर. सूत्रधाराची जबाबदारी त्याने फार काळ वाहिलेली नाही. सूत्रधाराची किंमत मोजून क्लबने धावपटू घेतला, असा जो आक्षेप आहे तो मत्सरातून आलेला नाही. तो खोटा ठरवायला ब्राउनकडे १० वर्षे आहेत. चाहत्यांकडे तेवढा धीर नसेल.

प्रशिक्षक बदलल्याने काय होते?

याचे उत्तर शोधताना पेनरिथ पँथर्सकडे पाहावे. या क्लबने २०१५ मध्ये आयव्हन क्लिअरी या प्रशिक्षकाला काढून टाकले. २०१९ साठी त्यालाच परत आणले, तेही वेस्ट्स टायगर्सशी त्याचा करार सुरू असताना. परतल्यावरच्या पहिल्या हंगामात संघ दहावा आला. ‘हाच तो चुकीचा माणूस’ म्हणायला ते पुरेसे होते. पुढच्या वर्षी संघ अंतिम सामन्यात गेला आणि २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे त्याने जिंकली. माणूस तोच होता. बदलले होते ते हाताशी असलेले खेळाडू, स्थानिक अकादमीतून एकत्र वाढलेली पिढी आणि हाफबॅकच्या जागी परिपक्व झालेला त्याचा मुलगा नेथन.

उलट बाजूही न्यूकॅसलला पाठ आहे. २०११ मध्ये कोळसा उद्योजक नेथन टिंकलर याने क्लब घेतला आणि या खेळातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षक वेन बेनेट यांना २०१२ पासून आणले. २०१३ मध्ये संघ अंतिम फेरीपासून एक सामना दूर राहिला, मग टिंकलरचा पैसा आटला, २०१४ नंतर बेनेट निघून गेले आणि त्यानंतरची तीन वर्षे वर सांगितली तशी गेली. मोठे नाव आणले, घर मात्र बांधायचे राहिले.

आता येत आहेत जस्टिन होलब्रुक. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सला २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारे आणि आक्रमक खेळासाठी ओळखले जाणारे. गोल्ड कोस्ट टायटन्सने त्यांना २०२३ मध्ये हंगामाच्या मध्यातच काढले होते. त्यांच्या जागी आलेल्या डेस हॅसलर यांच्या अनुभवाचा केवढा गवगवा झाला. २०२५ मध्ये तेच टायटन्स नाइट्सच्या जेमतेम वर राहिले आणि हॅसलरही गेले. म्हणजे एका क्लबने नाकारलेला माणूस दुसऱ्याचा तारणहार, आणि पहिला क्लब होता तिथेच.

एका संघाच्या गुणांवर एवढे रान का?

सिडनीत एनआरएलचे अनेक क्लब आहेत. तिथून सुमारे १६० किलोमीटर उत्तरेला असलेल्या न्यूकॅसलला एकच. कोळशाची निर्यात करणारे हे बंदर आणि एकेकाळी पोलादाचे शहर. १९९७ च्या एप्रिलमध्ये बीएचपी कंपनीने इथला पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नाइट्सने अखेरच्या सेकंदांत ट्राय करून मॅनलीला २२-१६ असे हरवले आणि पहिले विजेतेपद आणले. कारखाना १९९९ मध्ये बंद झालाच. पण त्या पिढीला तो ट्राय आजही तोंडपाठ आहे, आणि तळाला असतानाही प्रेक्षक मैदानावर येत राहतात. तिकीट काढून पावसात बसणाऱ्या माणसाला ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ हे ऐकवण्याचा हक्क क्लबला आहे, पण त्याआधी ती प्रक्रिया काय आहे हे सांगण्याचे कर्तव्यही आहे. २०२५ मध्ये ते सांगितले गेले नाही.

होलब्रुक यांची पहिली कसोटी गुणतक्त्यावर लगेच दिसणार नाही. ती पहिल्या सहा-आठ आठवड्यांत पाहावी लागेल : ब्राउनच्या जोडीला कोण आणि ती जोडी कायम राहते का, गोलरेषेजवळचा चेंडू पोंगापर्यंत धावत असताना पोहोचतो की उभा असताना, आणि पाचव्या टॅकलवर किक कोण मारतो.