डब्यावरचा आकडा आणि डब्यातला माल

पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येऊन वजन किती, एवढेच विचारीत असे. आता तो डबा उलटा करून मागचा छापील तक्ता वाचतो. लहान बाळाच्या दुधाची पावडर असो, बिस्किटे असोत की कोंबड्यांचे खाद्य, त्यात अमुक घटक इतके मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. हे माप आपल्या तराजूवर होत नाही, प्रयोगशाळेतच होते. आपले बहुतेक व्यापारी बांधव या आकड्यावर एक तर डोळे मिटून विश्वास ठेवतात, नाही तर प्रयोगशाळेचे नाव काढताच घाबरतात. माझ्या मते दोन्हीत नुकसान आपलेच आहे.

उदाहरण म्हणून कोलीन हा एकच घटक घेऊ. स्ट्रेकर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६२ साली त्याला हे नाव दिले. शरीर तो थोडाफार स्वतः तयार करते, पण पुरेसा नाही. म्हणून त्याला पुरते जीवनसत्त्व म्हणत नाहीत, मात्र 'ब' जीवनसत्त्वांच्या शेजारी बसवतात. यकृतातील चरबी बाहेर नेण्यासाठी आणि मज्जातंतूंच्या कामासाठी तो लागतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ साली पुरुषाला रोज ५५० व स्त्रीला ४२५ मिलिग्रॅम हे प्रमाण ठरवले. एका मोठ्या अंड्यात तो सुमारे १५० मिलिग्रॅम असतो. बाळाच्या दुधात दर १०० कॅलरीमागे किमान ७ मिलिग्रॅम कोलीन असावे, असे कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. तेव्हा हा आकडा केवळ शोभेसाठी छापलेला नसतो. जे बाळ फक्त त्या डब्यावर वाढते, त्याचा तो हक्क आहे.

आता हे मोजतात कसे ते पाहू. अन्नातील बरेचसे कोलीन मोकळे नसते. अंड्याच्या बलकात किंवा सोयाबीनमध्ये ते लेसिथिनसारख्या पदार्थांत बांधलेले असते. म्हणून नमुना आधी आम्लात गरम करतात, मग विकरांच्या (एन्झाइम्सच्या) साहाय्याने कोलीन सुटे करतात आणि शेवटी रंग उमटवून त्या रंगाची गडदता यंत्रावर मोजतात. बाळाच्या दुधासाठी ही पद्धत ए.ओ.ए.सी. या संस्थेने ९९९.१४ क्रमांकाने मान्य केली आहे. पण नमुन्यात 'क' जीवनसत्त्व जास्त असेल तर रंग नीट उमटत नाही आणि कोलीन कमी दिसते. ते आधी काढून टाकावे लागते. क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या नव्या यंत्रांवर कोलीन वेगळे करूनच मोजता येते. एखाद्या प्रयोगशाळेने फक्त मोकळे कोलीन मोजले आणि दुसरीने एकूण, तर एकाच मालाचे दोन आकडे येतील आणि दोन्ही अहवाल खरे असतील!

दुसरी गोम क्षाराची आहे. बाजारात निखळ कोलीन मिळत नाही, त्याचे क्षार मिळतात. १०० ग्रॅम कोलीन क्लोराइडमध्ये खरे कोलीन सुमारे ७५ ग्रॅम, तर कोलीन बायटार्ट्रेटमध्ये सुमारे ४१ ग्रॅमच असते. कोंबडीखाद्यासाठी मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेली ६० टक्क्यांची कोलीन क्लोराइड पावडर विकली जाते. तिच्या एका किलोत खरे कोलीन ४५० ग्रॅमही भरत नाही. आम्हा कापडवाल्यांना हे समजायला वेळ लागत नाही. ग्रे कापडाच्या वजनात सायझिंगची खळही असते. धुतल्यावर उरते ते सूत. भाव सुताचा करायचा की खळीचा, हे सौद्याआधीच बोलून घ्यावे लागते.

चाचणी भलतीच असेल तर काय होते, हे चीनमध्ये २००८ साली जगाने पाहिले. दुधातील प्रथिने थेट न मोजता नायट्रोजन मोजला जात होता. लबाडांनी पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून नायट्रोजन वाढवला. चाचणीत दूध पास झाले, पण सहा बाळे दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. कोलीन क्लोराइडमध्ये कोणी फक्त क्लोराइड मोजून समाधान मानले, तर दुसरा एखादा स्वस्त क्लोराइडही कोलीन म्हणून खपून जाईल.

काही बांधव म्हणतात, "हे मोठ्या कंपन्यांचे काम, आम्हा लहान लोकांना सरकारी खाते छळते." छळाची तक्रार अगदीच खोटी नाही. पण कायदा ज्याला माहीत नाही, त्याचाच छळ अधिक होतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. त्यातील एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे स्वतःच्या खर्चाने पाठवण्याची मागणी व्यापाऱ्याला करता येते. सरकारी विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपीलही करता येते. हा हक्क किती जण वापरतात?

एकट्या बेकरीवाल्याला किंवा खाद्यविक्रेत्याला चाचणीची फी जड जाते, हे खरे. मग दहा जणांनी एकाच पुरवठादाराकडून एकाच बॅचचा माल घ्यावा, चाचणी सामाईक करावी आणि नमुना सीलबंद करून ठेवावा. अहवाल हाती आला की चार गोष्टी पाहाव्यात : आकडा कोलीनचा की क्षाराचा? एकूण की मोकळ्याचा? पद्धत कोणती? आणि त्या प्रयोगशाळेला एन.ए.बी.एल.ची मान्यता याच चाचणीसाठी आहे का? ही मान्यता चाचणीवार असते, सरसकट नसते.

मोजमाप आपल्याला परके नाही. अल-खाझिनी यांनी ११२१ च्या सुमारास 'मीजानुल हिकमा' हा ग्रंथ लिहिला आणि धातूतील भेसळ पाण्याच्या तराजूने कशी पकडावी हे त्यात सांगितले. मुस्लिम शहरांच्या बाजारांत वजनमापे तपासायला मुहतसिब फिरत असे. कुरआन शरीफातील एका सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. पासंग फक्त तराजूलाच नसतो, छापील आकड्यातही असू शकतो. आपल्या नावाने जो डबा विकला जातो त्यातला आकडा ही अमानत आहे, हे ओळखून आपल्या संघटनांनी सामाईक चाचणीचे काम या वर्षीच हाती घ्यावे. खर्च थोडा होईल, पण हलाल कमाईची बरकत आणि गिऱ्हाइकाचा भरवसा त्याहून मोठा आहे.