अनुदान आणि रोजगार

संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान राज्य सरकारने २०२५ साली दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केले, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु अनुदान हा उपजीविकेचा टेकू होय, स्वावलंबन नव्हे. या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या दिव्यांगाने खामगाव वा मलकापूरच्या पेढीवर हिशेबनिसाची साधी नोकरी धरली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते आणि अनुदान गमावण्याचे भय उभे राहते.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या. जिल्हा परिषदा व ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चावयाचा आहे. तथापि अशा योजनांचे मूल्यमापन वाटलेल्या साहित्यावरून वा खर्ची पडलेल्या रकमेवरून होऊ नये. वर्षानंतर किती जण कामावर टिकले, हीच खरी कसोटी.

आमचे स्पष्ट मत असे की, नोकरी लागताच अनुदान तोडू नये. मिळकतीच्या प्रमाणात ते क्रमाक्रमाने कमी करावे आणि नोकरी सुटल्यास नव्या अर्जाविना पूर्ववत सुरू करावे. एवढी हमी नसेल, तर हातचे सोडून पळत्याच्या पाठीस कोणता शहाणा माणूस लागेल?