कानशीचे ओरखडे

पावसाळा सरला की दुरुस्तीच्या टेबलावर कॅमेऱ्यांची रांग लागते. त्यात एखादा बिननावाचा, कुणीतरी हाताने बांधलेला नमुना निघाला की आपला हात आधी ब्रासोकडे जातो. घात होतो तो तिथेच. हजारोंनी निघालेल्या कॅमेऱ्याचा भाव त्याच्या अवस्थेवर ठरतो, पण एकुलत्या नमुन्याचा ठरतो पुराव्यावर. लायकाच्या १९२३ च्या शून्य मालिकेत जेमतेम दोन डझन कॅमेरे झाले. त्यातला १२२ क्रमांकाचा २०१८ मध्ये २४ लाख युरोंना गेला आणि १०५ क्रमांकाचा २०२२ मध्ये १ कोटी ४४ लाखांना. मालिका एकच, भाव सहापट. चार वर्षांच्या तेजीने एवढी तफावत पडत नाही. १०५ च्या व्ह्यूफाइंडरवर लायकाचा जनक ऑस्कर बर्नाक याचं नाव कोरलेलं आहे, आणि तो कॅमेरा बर्नाककडून त्याच्या मुलाकडे, मुलाकडून संग्राहकाकडे कसा गेला याचा माग लागतो.

आपल्याकडे असे लिलाव कुठे होतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. शिवाय शंभरी ओलांडलेली अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. म्हणजे युरोतले आकडे इथे लावण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच पुराव्याचं वजन वाढतं. आपल्या राजापुरातून अणुस्कुरा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथे बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा बांधला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) हा चित्रपट काढला. त्या खटपटीतला एखादा सुटा भाग उद्या कुणाच्या माळ्यावर सापडला, तर तो ओळखायचा कशावरून? कानशीच्या ओरखड्यांवरून, किंचित तिरक्या पडलेल्या भोकावरून, हाताने पाडलेल्या आट्यांवरून. पॉलिशने नेमकं तेच जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: राजापुरात जवाहर चौकापर्यंत अर्जुना-कोदवलीचं पाणी येतं, इथल्या दमट हवेत भिंगावर बुरशीचं जाळं धरतं, ते काढायचंच नाही का? काढायचं, आणि लवकर, कारण बुरशी काच खाते. १९३५ मध्ये झाइसने परावर्तन रोखणारा लेप शोधण्याआधीच्या भिंगांवर खरवडून जाईल असा लेपही नसतो. पण सफाई भिंगापुरती. आधी फोटो काढा, पितळ-लाकडाला हात लावू नका, आणि बदललेला मूळ स्क्रू फेकू नका. डबीत घालून, तारीख लिहून कॅमेऱ्यासोबतच परत द्या.