खिडकी दिसते, पण रेघ कुठे गेली?

सी भाषा शिकणाऱ्या आपल्याकडच्या अनेक मुलांनी संगणकावर पहिले चित्र काढले ते टर्बो सीमध्ये. इनिटग्राफ लिहिले, सर्कल लिहिले, की पडद्यावर वर्तुळ हजर! तिथे अख्खा पडदा एकट्या आपल्या प्रोग्रॅमच्या मालकीचा. हीच मुले लिनक्सवर एक्सलिबकडे वळली की गोंधळतात. खिडकी उघडते, पण तिच्यात ओढलेली रेघ गायब!

एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीत सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. इथे पडदा, कीबोर्ड आणि माउस यांचा ताबा सर्व्हरकडे असतो. आपला प्रोग्रॅम फक्त विनंती करतो. एक्सओपनडिस्प्लेने संपर्क जोडायचा, एक्सक्रिएटसिंपलविंडोने खिडकी मागायची आणि एक्समॅपविंडोने ती दाखवायला सांगायचे. खिडकी दिसण्याआधीच रेघ ओढली, तर ती वाया जाते.

खरी मेख पुढे आहे. खिडकीत काय काढले होते, हे सर्व्हर लक्षात ठेवेलच असे नाही. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे ३२ बिट रंगातले एकच चित्र जपायला ३ एमबी मेमरी लागते. १९८४ साली ही चैन कोणाला परवडणार? म्हणून खिडकी प्रथम दिसली किंवा तिचा झाकलेला भाग उघडा पडला, की सर्व्हर ‘एक्स्पोज’ हा निरोप धाडतो. पुसलेली रांगोळी ज्याची त्यानेच पुन्हा काढायची, असा हा कारभार. आता बऱ्याच ठिकाणी झाकलेल्या खिडकीचे चित्र जपले जाते; तरी पहिला एक्स्पोज येतोच.

तेव्हा एक्ससिलेक्टइनपुटने हा निरोप आधी मागून ठेवावा. मग एक्सनेक्स्टइव्हेंटच्या लूपमध्ये थांबावे आणि निरोप आला की चित्र काढावे. स्कॅनएफमध्ये आपण विचारतो, वापरणारा उत्तर देतो. इथे वापरणारा सांगेल तेव्हा आपण हलायचे.

जीटीके, क्यूटी ही तयार साधने हे सारे परस्पर उरकतात. मग शिकायचे कशाला? एखादी खिडकी ‘अडकते’, क्लिकला दाद देत नाही, तेव्हा बहुधा प्रोग्रॅम लांबलचक हिशेबात गुंतून लूपकडे परतलेला नसतो. ज्याने एकदा हा लूप स्वतः लिहिला, त्याला दुखणे कुठे शोधायचे ते कळते. पन्नासेक ओळींचे काम आहे. सुट्टीत जरूर करून पाहा.