सांडपाण्यातील युरेनियम आणि हिशेबाची वही

युरेनियमची खाण म्हटली की डोंगर आणि बोगदा डोळ्यांपुढे येतो. परंतु खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातही युरेनियम विरघळलेले असते. विजेच्या साहाय्याने ते परत मिळविण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. या तंत्राकडे नवी खाण म्हणून पाहावे की जुने ऋण फेडण्याचे साधन म्हणून, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राचा नसून अर्थशास्त्राचा आहे.

तत्त्व सोपे आहे. पाण्यात विरघळलेले युरेनियम ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन स्वीकारते आणि न विरघळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपाने तेथेच साचते. चुना घालून साका पाडण्याच्या रूढ पद्धतीत गाळाचे ढीग उरतात व तेही सांभाळावे लागतात. हा त्रास येथे पुष्कळसा टळतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी विद्युत्प्रवाहाने समुद्रजलातील युरेनियम गोळा करून दाखविले. परंतु समुद्राच्या हजार लिटर पाण्यात ते जेमतेम तीन मिलिग्रॅम असते. त्या मानाने कारखान्याच्या सांडपाण्यात ते किती तरी अधिक असते. अर्थात तेथे नायट्रेट, फ्लोराइड, कार्बोनेट यांसारखे घटक आड येतात, बरीच वीज वाया जाते आणि विद्युतअग्रेही निकामी होतात.

आता हिशेब पाहू. समजा, सांडपाण्याच्या एका लिटरात दहा मिलिग्रॅम युरेनियम आहे. हजार लिटरांतून सारेच्या सारे काढले तरी हाती येईल दहा ग्रॅम. पौंडाला शंभर डॉलर भाव धरला तरी त्याची किंमत अडीच डॉलरच्या आसपास. हा भावही स्थिर नाही. २०१६ च्या अखेरीस तो वीस डॉलरच्या खाली होता, जानेवारी २०२४ मध्ये शंभरावर गेला. उलट पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे या पाण्यातील प्रमाणाच्या तीनशेव्या भागाइतकी. खरी मेख येथेच आहे. पहिले काही मिलिग्रॅम काढण्यात कदाचित नफा असेल. शेवटचा अंश काढण्यात तो मुळीच नाही. लोकांचे आरोग्य मात्र त्या शेवटच्या अंशावरच अवलंबून आहे. केवळ नफा पाहणारा उद्योग नेमका तेथे पोचण्यापूर्वीच थांबेल.

न थांबण्याची सक्ती नसली की काय होते, हे जुलै १९७९ मध्ये अमेरिकेतील चर्च रॉक येथे दिसले. गाळतलावाचा बांध फुटून सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. त्याची झळ नावाहो आदिवासींना लागली. आपल्याकडे जादुगुडा येथील गाळतलावांच्या परिसरातील आदिवासींच्या आरोग्याविषयीचा वाद कित्येक दशकांचा आहे. आपले खनिज कमी प्रतीचे. त्यामुळे टनामागे उरणारा गाळ अधिक. २०४७ पर्यंत अणुवीजक्षमता एक लाख मेगावॅटवर नेण्याचा संकल्प २०२५ साली जाहीर झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने या क्षेत्राचे दार खासगी भांडवलाला उघडून दिले.

म्हणूनच सांडपाण्याच्या शुद्धीची मर्यादा परवान्याच्या अटीतच घातली पाहिजे आणि तपासणीचे आकडे गावकऱ्यांना नियमितपणे कळले पाहिजेत. परत मिळालेले युरेनियम हा त्या खर्चातील सवलतीचा भाग मानावा, त्या खर्चाचे कारण मानू नये. अणुविजेच्या दरात हा खर्च धरला नाही, तर तो नाहीसा होत नाही. नदीकाठची माणसे तो फेडीत राहतात.